रिकामी म्हणून लिहिलेली जमीन

यवतमाळला लोक रडायला येतात. म्हणजे त्या वर्षांत येत होते. कापसाचा भाव बसला, मग बोंडअळी आली, आणि तिच्या मागोमाग गाड्या आल्या. गाडीतून कॅमेरा उतरायचा, टोपी उतरायची, पाण्याच्या बाटल्यांचं खोकं उतरायचं आणि पहिला प्रश्न यायचा, "इथे जवळपास विधवा कुठे भेटतील?" आठवडी बाजारात वांगी कुठे मिळतात हे विचारावं, त्याच सुरात. दारव्ह्याच्या बसस्टँडवर हा प्रश्न मला स्वतःला तीनदा विचारला गेला आहे. तिसऱ्यांदा मी त्यांना तहसील कचेरीचा पत्ता दिला.

त्यामुळे एका संस्थेचं पत्र आलं तेव्हा मला खरोखर बरं वाटलं. युरोपच्या उत्तर टोकाला, जिथे झाडं संपतात आणि टुंड्रा सुरू होतो, तिथे परिषद होती. विषय होता बदलतं हवामान आणि चराईच्या जमिनी. तुमच्या भागातली ढोरं राखणारी एखादी बाई घेऊन या, तुम्ही दुभाषी म्हणून या, सगळा खर्च आमचा. मी दारव्ह्याच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आहे. जिल्ह्यातल्या गवतांवर एक पुस्तिका लिहिली आहे, जी माझ्याखेरीज बहुधा कंपोझिटरनेच वाचली असेल. कोणीतरी पहिल्यांदा गवताबद्दल विचारत होतं. मी लगेच होकार कळवला.

बाई मला माहीत होती. वणीकडे, राजूरच्याही पलीकडे, बोरगावची अनसाबाई. जात गोवारी, पिढ्यान्‌पिढ्या गावाची ढोरं राखणारी. नवऱ्याचा गुडघा गेला तेव्हा काठी हिच्या हातात आली. पुस्तिकेसाठी मी तिच्या मागे चार पावसाळे हिंडले होते. पवन्या कुठे उगवतो, कुसळी कधी टोचायला लागते, तिखाडी जनावरं का टाळतात, हे सगळं तिनेच दाखवलं. पुस्तिकेवर नाव अर्थात माझंच आहे.

अनसाबाई यायला तयार झाली ती हिंडायच्या हौसेने नाही. बोरगावला ईक्लास आहे, म्हणजे सरकारी चराऊ रान. निम्मं तर गावकऱ्यांनीच नांगरून कापसाखाली घातलं होतं. भाव होता तेव्हा हावेने नांगरलं आणि भाव पडल्यावर तोटा भरून काढायला आणखी नांगरलं. ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबा गेला, आणि गावाची ढोरं उरलेल्या रानावर आली. आता ते उरलेलं रानही कोळसा खाणीच्या मातीचे ढिगारे टाकायला द्यायचं घाटत होतं. मोजणीवाले येऊन गेले होते आणि कागदावर लिहून गेले होते, "सदर जागा वापरात नाही." गाव म्हणालं, पैसे खाल्ले. मीही तेच म्हणाले. आम्ही परत आल्यावर दहा दिवसांनी जनसुनावणी होती.

"थ्या लोकाईनं आपलं रान कसं वाचवलं, थे पाहून येते," अनसाबाई म्हणाली. "नाई तं मले कायले पायजे बर्फ?"

परिषदेचं गाव

प्रवासाचं काही सांगत नाही. विमानात माणूस बसतो आणि सुजलेल्या पायांनी उतरतो. अनसाबाईने तीन विमानांत मिळून एकच प्रश्न विचारला, "खाली कोनाचं रान हाये?"

ऑक्टोबर सरत आला होता. गाव नीटनेटकं, लाल-पिवळ्या लाकडी घरांचं, आणि रस्त्यावर माणूस नाही. आमच्याकडे एवढी शांतता संचारबंदीतच असते. परिषदेचं सभागृह मात्र भरलेलं होतं. सगळ्यांच्या गळ्यात पाट्या, सगळ्यांच्या हातात कॉफी. एका गृहस्थांनी पडद्यावर रेनडियरचे फोटो दाखवत पाऊण तास भाषण केलं. नंतर चहाच्या वेळी कळलं, की त्यांनी रेनडियर पहिल्यांदा परवा पाहिला होता, तोही ताटात. उंटावरून शेळ्या हाकणारे आपल्याकडेच असतात असा माझा समज होता, तो पहिल्याच दिवशी गेला.

मग अनसाबाईचं नाव पुकारलं. संयोजक हळू, जड आवाजात बोलायला लागले. भारतातला यवतमाळ जिल्हा, कापूस, संकट. मग त्यांनी काहीतरी सांगितलं आणि सगळं सभागृह खुर्च्या सरकवत उभं राहिलं. माना खाली. मीही उभी राहिले, कारण सगळे उभे होते. मग ते शब्द माझ्या डोक्यात पोचले.

अनसाबाई कानाशी लागली. "कोन गेलं वं मॅडम?"

"तुमचे यजमान," मी म्हणाले.

"कवा?" तिचा चेहरा पडला. मग ती म्हणाली, "सकायीच तं बोलली मी त्याच्यासंग फोनवर."

झालं होतं ते इतकंच. संस्थेतल्या कुणीतरी अर्ज भरताना जिल्हा यवतमाळ आणि प्रतिनिधी बाई, एवढं पाहिलं आणि पुढचा रकाना स्वतःच भरून टाकला. विचारायची गरजच वाटली नाही. मिनिटभराचं मौन संपायची वाट न पाहता अनसाबाई नऊवारीचा ओचा सावरत मंचावर गेली आणि माईकमधून म्हणाली, "सांगा त्याईले मॅडम. माहा नवरा जित्ता हाये. गुडघा दुखते फक्त."

मी भाषांतर केलं. शे-दीडशे माणसं पाट्यांशी चाळा करत बसली. हसलं एकच माणूस. शेवटच्या रांगेतली पन्नाशीची बाई, डोक्याला लाल काठाचा रुमाल. ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. तिचं नाव मारित. सामी जमातीची, रेनडियर पाळणारी. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं असल्यामुळे आमचं छान जमलं. "उद्या माझ्या रानात चला," ती म्हणाली, "इथे बसून काय करता?" उरलेली परिषद आम्ही बुडवली, आणि परिषदेला ते कळलंही नसेल.

मारितचं रान

टुंड्रा म्हणजे काय हे मी वर्गात तीस वर्षं सांगितलं. "वृक्षहीन, गोठलेल्या जमिनीचा प्रदेश," असं म्हणायचं आणि पुढच्या धड्याला लागायचं. माझ्या विद्यार्थ्यांची मी इथे जाहीर माफी मागते.

झाड नाही हे खरं, पण उघडं काहीच नाही. नुकत्याच पडलेल्या बर्फाच्या पातळ थराखाली जमिनीवर पांढुरकी, करडी, जाळीदार शेवाळासारखी चटई. ती दगडफुलाच्या जातीची असते, आपण मसाल्यात घालतो त्याची चुलतबहीण. रेनडियर हिवाळाभर तीच खातात, आणि एकदा तुडवली गेली की पुन्हा यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. मध्येमध्ये खुरटा बर्च. मारितच्या आईच्या लहानपणी तो घोट्याएवढा असायचा, आता मारितच्या गुडघ्याच्या वर आला आहे. ऊन वाढलं, झुडूप माजलं, आणि झुडपाच्या सावलीत चटई मरते.

"रायमुनिया," अनसाबाई त्या झुडपाला काठीने ढोसत म्हणाली. आमच्या ईक्लासवर पसरलेल्या काटेरी घाणेरीचं ते नाव. "इथं भी आली का ही रांड?"

पुढे एक उंचवटा होता, एका बाजूने खचलेला, आणि खचलेल्या जागी काळं पाणी. मारित म्हणाली, आत बर्फ असतो, हजारो वर्षांचा, तोच या जमिनीला धरून ठेवतो. तो वितळतोय, म्हणून वरची जमीन बसतेय. मी भाषांतर करायच्या आधीच अनसाबाई मान हलवत होती. "खालून कोयसा काढला का आमच्याकडं भी वरतं असंच बसते."

पुस्तकात हे दोन वेगळ्या विषयांचे दोन वेगळे धडे आहेत. तिला तो एकच धडा दिसला आणि मी वहीत लिहून घेतला, नेहमीप्रमाणे.

जेवायला रेनडियरच्या मटणाचं पाणी आणि कॉफीत चीजचे तुकडे. कॉफीत चीज पाहून मी दचकले, मग तीन कप प्यायले. मला मटण चालतं. अनसाबाईने विचारलं, "हे थेच ना, जे ते राखते? ज्याले चारलं त्यालेच खाल्लं, हे मले नाई जमत." मारितला राग येईल म्हणून मी गुळमुळीत भाषांतर केलं, पण तिला कळलं. ती म्हणाली, "आम्ही खातो म्हणूनच राखतो. तुम्ही खात नाही, तर म्हातारी जनावरं कुठे जातात?" अनसाबाईने पिशवीतून ज्वारीची वाळलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला आणि मारितच्या ताटात वाढला. मारितने तो चमचाभर खाल्ला, बाहेर जाऊन मूठभर बर्फ तोंडात घातला आणि परत येऊन आणखी मागितला.

तिसऱ्या दिवशी पाऊस पडला.

आमच्याकडे कोणी पावसाने इतकं हादरलेलं मी पाहिलं नाही. मारित दारात उभी राहून नुसती बघत होती. बर्फावर पाऊस, मग रात्रीतून कडाक्याची थंडी. सकाळी सगळ्या रानावर काच बसवल्यासारखं झालं होतं. ती टाचेने मारून बघत चालली होती, इथे, तिथे, परत इथे. काच फुटत नव्हती. तिचे रेनडियर खुराने खरवडत होते, घसरत होते, नाक लावून उभे राहत होते. खाली चारा होता. त्यांना त्याचा वास येत होता. पूर्वी असं एखाद्या पिढीत एकदा व्हायचं, ती म्हणाली, आता दर दोन-तीन हिवाळ्यांत होतं. मग ट्रकने विकतचा चारा आणायचा, आणि तो खाऊन गाभण माद्या आजारी पडतात.

"दिवाईत पडते तसं पानी," अनसाबाई म्हणाली. "बोंड फुटलं का पडते. ज्या दिवशी नाई पायजे त्याच दिवशी." मग ती मारितजवळ गेली आणि दोघी एका मादीच्या पोटावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. तिथे माझी गरज नव्हती, म्हणून मी घसरून पडले. उजवं मनगट अजून दुखतं.

पवनचक्क्या

मग अनसाबाईने तो प्रश्न विचारला ज्यासाठी ती आली होती. "रान वाचवलं कसं?"

मारितने खिडकीकडे बोट केलं. दूर डोंगराच्या रांगेवर पांढऱ्या पवनचक्क्या फिरत होत्या. "ते आमचं हिवाळ्याचं रान होतं," ती म्हणाली. "आता रेनडियर तिकडे फिरकत नाहीत."

हवामान सुधारायचं म्हणून हिरवी वीज. हवामान बिघडवलं कोणी, तर बोरगावचा कोळसा जाळणाऱ्यांनी आणि या लोकांच्या समुद्रातलं तेल जाळणाऱ्यांनी. उपाय कुणाच्या डोक्यावर ठेवला, तर जिने आयुष्यात दोन्ही फारसं जाळलं नाही तिच्या. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. आणि त्या पवनचक्क्यांचे फोटो परिषदेच्या पत्रिकेवर छापलेले होते, वर "आशा" असं लिहून.

मारित कोर्टात गेली होती. बरीच वर्षं गेली. शेवटी निकाल तिच्या बाजूने लागला, की हे चुकीचं झालं. चक्क्या फिरतातच आहेत.

"म्हंजे जिकली भी अन् हारली भी," अनसाबाई म्हणाली.

"पहिल्या दिवशीच हरलो होतो," मारित म्हणाली. "पवनचक्कीवाले पाहणी करायला उन्हाळ्यात आले. उन्हाळ्यात आम्ही कळप समुद्राकडे नेतो. ते रान तेव्हा बंद असायचं, तुडवायचं नाही, म्हणूनच हिवाळ्यात काही उरतं. त्यांनी पाहिलं, एकही जनावर नाही. लिहिलं, जमीन रिकामी आहे. पुढे सगळं त्याच कागदावर चाललं."

मी भाषांतर केलं. अनसाबाईने हातातला कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "आमच्याकडं भी भादव्यात आलते."

आणि मला कळलं. बोरगावचा नियम आहे. आखाडीपासून दिवाळीपर्यंत ईक्लासवर ढोर घालायचं नाही. नाल्याच्या काठाने, बांधाच्या कडेने चारायचं, पण रानात पाय नाही. गवत फुलतं, बी झडतं, आणि पाडव्याला गायगोधनाच्या दिवशी वाजतगाजत पहिल्यांदा ढोरं आत शिरतात. हा नियम अनसाबाईच्या सासऱ्याने पाळला, तिने पाळला. मोजणीवाले भाद्रपदात आले. गवत कमरेएवढं आणि ढोर एक नाही. कुणी पैसे खाल्ले नव्हते. आमच्या राखणीचाच पुरावा आमच्यावर उलटला होता.

त्या क्षणी मला जी अक्कल सुचली ती लिहायला आज हात रेटत नाही, पण लिहिते. मी म्हणाले, "सुनावणीच्या सकाळी साहेब रान पाहायला येणार आहेत ना? मग त्याआधी चार दिवस सगळी ढोरं आत सोडा. आजूबाजूच्या गावांचीही बोलवा. त्यांच्या डोळ्यांनी पाहू दे वापरात आहे की नाही."

"दिवाईच्या आधी?" अनसाबाई म्हणाली. "बी झडलं नाई अजून, मॅडम."

"एका वर्षाने काय बिघडतं?"

मारितने विचारलं, काय म्हणतेय ती? मी म्हणाले, काही नाही, आमचं आपलं ठरतंय. शेवटी अनसाबाई म्हणाली, "तुमी शिकेल हा. तुमाले समजत असंन."

बोरगाव

आम्ही परतलो. चार गावांची ढोरं आली. मी स्वतः फोन केले होते, दोन सरपंचांना आणि एका पत्रकाराला. अनसाबाईने रानाचं तोंड उघडलं आणि बाजूला झाली. पहिल्या दिवशी देखावा इतका सुंदर होता की मी फोटो काढून मारितला पाठवले.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला, आणि तो तिसऱ्या दिवशीही थांबला नाही. काळी माती ओली झाली की तिच्यात बैल पोटापर्यंत रुततो, हे मला वर्गातून माहीत होतं. ढोरं बाहेर काढा, असं अनसाबाई म्हणाली होती. मी म्हणाले, दोनच दिवस राहिलेत, आता मागे हटू नका. सुनावणीच्या सकाळी तिथे गवत नव्हतं. पवन्या नव्हता, कुसळी नव्हती. खुरांनी कालवलेला चिखल होता आणि त्यात उपाशी उभी असलेली जनावरं.

साहेबांनी पॅन्टच्या घड्या वर केल्या आणि बांधावरूनच पाहिलं. दुपारी शाळेच्या मैदानात, तंबूखाली, नवा शेरा वाचला गेला. सदर जागा अनियंत्रित चराईमुळे निकस झालेली असून माती टाकण्यास योग्य आहे.

अनसाबाई उठली. माईक तिने घेतला नाही. "साहेब, भादव्यात गवत उभं होतं तं तुमी लिवलं ढोरं नाई. आता ढोरं हायेत तं लिवता गवत नाई. मंग आमी करावं तरी काय?"

साहेब उद्धट नव्हते. थकलेले होते. "बाई, जे दिसलं ते लिहिलं," ते म्हणाले.

त्यांच्यावर तोंडसुख घ्यायची मला फार इच्छा होती. या सगळ्या प्रवासात मी प्रत्येकावर घेतलं होतं. पण ते खरं बोलत होते. ते चिखलाचं रान मी दाखवलं होतं.

हुकूम अजून आलेला नाही. येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोरगावला थांबले होते, कारण दारव्ह्याला परत जायला तोंड नव्हतं. अनसाबाई रानाच्या तोंडाशी होती. बोराटीच्या काट्या तोडून ती रान बंद करत होती. आत राखायला काही उरलेलं नव्हतं, आणि पाडवा आठवड्यावर आला होता. त्या दिवशी ढोरं कुठे शिरवायची हे गावात कोणी बोलत नव्हतं. मी जवळ गेले.

"माझं चुकलं, अनसाबाई."

तिने मान वर केली नाही. काट्यांची एक मोठी फांदी तिला एकटीला आवरत नव्हती.

"चुकलं तं चुकलं," ती म्हणाली. "तिकून धरा."